गार चहा

बाजाच्या पेटीचे सूर लावायची वेळ झाली, की अण्णा मंडईजवळच्या माडीवरल्या दुकानातून नागोरावला किटली देऊन चहाला पिटाळत. सुराची पितळी पट्टी कानशीने किती घासायची, हे त्यांनी बावीस वर्षं हाताखाली राबणाऱ्या नागोरावलाही दाखवलं नव्हतं. चहा मात्र कायम गारच यायचा. "चहा आणायला आसामला गेला होतास?" अण्णा खेकसायचे. आता कानाला यंत्र लावून त्यांना बोलणं ऐकू यायचं, पण सुरातला बारीक फरक कळेना. आज गिऱ्हाइकाने पेटी बेसूर म्हणून परत आणली, तेव्हा अण्णांनी नागोरावपुढे कानस केली. "बस, शिकवतो." नागोरावने न विचारताच पट्टी काढली, दोनदा घासली, बसवून सूर वाजवला. "कुठे शिकलास रे?" "जिन्यात ऐकत थांबायचो, अण्णा. म्हणून चहा गार व्हायचा." अण्णांनी पेटीला कान टेकवला. सूर खरा लागलाय, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून कळलं.