मेड्यूझची शिक्षा

“मॅडम, जेलीफिशला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?” धड्याबाहेरचं विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं की नाही!

“मेड्यूझ,” मॅडम म्हणाल्या. “ग्रीक कथेतली सुंदर मुलगी. समुद्राच्या देवानं तिच्यावर जबरदस्ती केली आणि शिक्षा तिलाच झाली, केसांचे साप झाले. जेलीफिशचे तंतू तसेच दिसतात, म्हणून हे नाव.”

मला एकदम ताई आठवली. बसमध्ये तिची छेड काढणारा मोकाट फिरतोय आणि कॉलेज मात्र तिचं बंद झालंय. रविवारी तिला बघायला येणार आहेत. “माझंच चुकलं असेल गं,” असं आता तीही म्हणते.

घरी आईबाबांचं चाललं होतं, पोहे करायचे की उपमा.

“रविवारी दार मी उघडणार,” मी म्हटलं, “आणि ताईला अजून शिकायचंय, हे पाहुण्यांना दारातच सांगणार.”