शेजारणीचा जबाब

विशाखाला व्हिएन्नातल्या एका संस्थेत दोन वर्षांची फेलोशिप मिळाली. पण ते सोडा, तिचं जाणं काही झालंच नाही.

जगातले अणुबॉम्ब कमी कसे करायचे, हा तिच्या पीएचडीचा विषय. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार लालबागच्या चाळीत आले, तेव्हा ती थंडीचा कोट बघायला दादरला गेली होती. मग शेजारच्या सुगंधाकाकींनीच त्यांना खुर्ची दिली, चहा दिला.

“मुलगी करते काय, मावशी?”

“बॉम्बचं काहीतरी. सहा वर्षं दार लावून तेच चाललेलं. अख्ख्या चाळीत असली पहिलीच बघा.”

“मग परदेशात कशाला?”

“तिकडच्यांनी बोलावलंय ना. इथे कोण विचारतंय तिला.”

हवालदारांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. काकींनी खाली सही केली, शिवाय मजल्यावरच्या आणखी चौघांच्या सह्या आणून दिल्या. पासपोर्ट अडला. संस्थेने तीन महिने वाट पाहिली आणि जागा दुसऱ्या कुणाला दिली.

काल विशाखाने पासपोर्ट कार्यालयात अकरावा अर्ज दिला. त्यातली शेवटची ओळ:

 

“सदर जबाब हा आरोप नसून कौतुक आहे, तरी तशी नोंद व्हावी, ही नम्र विनंती.”