ढेमसांची चोरी

रुखमाबाईनं तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"सापडली आता! पदर सोड. सोड म्हणतो ना!"

पदरातून सात-आठ कोवळी ढेमसं आणि मूठभर चवळीच्या शेंगा खाली पडल्या. नुकतं उजाडत होतं. रुखमाबाईनं चोराचं तोंड पाहिलं आणि तिचा राग दुप्पट झाला. ती दामिनी होती, सेवकरामची बायको. ज्याची नाल्याकाठी दोन एकर भाजी, ज्याचा माल रोज टेम्पो भरून भंडाऱ्याच्या बाजारात जातो, त्या सेवकरामची!

आठ दिवस झाले, रुखमाबाईच्या घरामागच्या सांदवाडीतून भाजी नाहीशी होत होती. वैशाख पेटला होता. तलावाला भेगा पडल्या होत्या. गल्लीच्या टोकाच्या पंपावरून गुंडानं, म्हणजे पितळी घागरीनं, पाणी आणून तिनं चार वेल जगवले होते. कीड दिसली की चुलीतली राख टाकायची, शेणाचं पाणी द्यायचं. हौस म्हणून नव्हे. तिच्या नवऱ्याचं, श्रावणचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून दुसरं काही त्याच्या पोटात ठरत नव्हतं. सकाळी तोडलेली ढेमसं जवसाच्या तेलात, लसणाच्या दोन पाकळ्या टाकून, ताटलीवर पाणी ठेवून शिजवली, की तेवढ्यावर तो चार घास भात खायचा. काल भाजीच नव्हती. त्यानं नुसत्या वरणभाताचं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला. म्हणून आज ती पहाटेपासून भाताच्या तणसाच्या ढिगाआड दबा धरून बसली होती.

त्यात आणखी एक काटा होता. परवा तिनं शेजारच्या रिताला भर पंपावर चोरटी म्हटलं होतं. रिता अर्धा भरलेला गुंड उचलून निघून गेली होती. आता त्याची लाज वाटत होती, आणि त्या लाजेचाही राग दामिनीवरच निघत होता.

"घरी दोन एकर भाजी, अन् डोळा माह्या चार वेलावर? काहून वो?"

दामिनी रडायला लागली. "गुंजनसाठी, काकी. तीन महिने झाले, पोट्टी वरण अन् आलूच खाऊन राहिली."

"मंग मागाची होती! मी नाही म्हटलं असतं काय?"

"मागितली असती तं तुमी विचारलं असतं, काहून म्हणून."

रुखमाबाईला यात उद्धटपणाच दिसला. चोरी करायची आणि वर हे बोलायचं! तिनं ती ढेमसं ओच्यात घेतली आणि दामिनीला ओढत गल्लीत आणलं.

"माह्या मालकाइले नका सांगू, काकी. पाया पडतो तुमच्या," दामिनी म्हणत होती. पण पंपावरच्या बाया आधीच मागे लागल्या होत्या.

सेवकरामच्या अंगणात टेम्पो उभा होता. काकड्यांचे क्रेट रचलेले होते. एकसारख्या, सरळ, हिरव्यागार काकड्या, एकीवरही डाग नाही. करडी गावात असा माल दुसऱ्या कोणाचा निघत नसे. येता-जाता कुंपणाशी थांबून तो रुखमाबाईला म्हणायचा, "काकी, शेणाच्या पाण्यानं काय होते? फवारा मारा. किड्याइले कायले पोसून राहिल्या?" आणि सगळे हसायचे.

"सेवकराम, पाह्य तुही बायको! चोरटी आहे. माह्या आजारी माणसाच्या तोंडचा घास चोरते!"

सेवकरामनं एकदाच दामिनीकडे पाहिलं. दामिनीनं मान खाली घातली. मग तो हसला.

"चार ढेमसासाठी एवढा तमाशा, काकी? घ्या, अख्खा क्रेट न्या." त्यानं एक भरलेला क्रेट पायानं तिच्यापुढे सरकवला. "आताच तोडला. काकालेही खाऊ घाला."

"मले तुही भीक नको. हे चोरी काहून करते थे सांग."

"बायकाइच्या जिभेचे चोचले, काकी. दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागते." लोक हसले. दामिनी तेवढी हसली नाही.

ओरडूनही रुखमाबाईचा राग तसाच छातीत होता. एवढं करून चोर तीच ठरल्यासारखी सगळ्यांच्या मध्ये उभी होती. "घे ना वो, चांगला देऊन राहिला तं," मागून कोणीतरी म्हणालं. तिला श्रावणचं सारलेलं ताट आठवलं. अपमान गिळून ती वाकली आणि क्रेटच्या कडांना हात घातला.

एवढ्यात घरातून गुंजन आली. तीन वर्षांची पोर, नुकती झोपेतून उठलेली, डोळे चोळत. सगळे आपल्या दारात का जमलेत ते तिला कळेना. रुखमाबाईच्या हाताशेजारून तिनं आपला हात क्रेटमध्ये घातला, त्यातली एक काकडी उचलली आणि करकन चावा घेतला.

दामिनी किंचाळली. पण तिच्याही आधी सेवकराम झेपावला. दोन क्रेट उलटले, काकड्या अंगणभर झाल्या. त्यानं पोरीच्या हातातली काकडी झटकून फेकली, तिचा जबडा धरला आणि तोंडात बोट खुपसलं.

"थुक, गुंजन, थुक! विकाची आहे थे, खाची नाही!"