झिजवायला दिलेली जीन्स

टोकियोच्या गिऱ्हाइकांना हल्ली जीन्स हवी असते ती मेहनतीने झिजलेली. मेहनत मात्र दुसऱ्याची. म्हणून कोजिमा गावातल्या जीन्सवाल्या कुरोसेंनी आपल्या म्हाताऱ्या वडिलांनी झाडाच्या निळीत रंगवलेली करकरीत जीन्स हामासाकी कोळ्याला दिली. "वर्षभर होडीवर हीच घाल, मग परत आण." कशासाठी, ते सांगायची मात्र लाज वाटली.

वर्ष सरलं. हामासाकीची बायको चिएको कापडात नीट बांधलेली जीन्स आणि वर सुक्या ऑक्टोपसचा डबा घेऊन दुकानात आली. गुडघ्यावरची फिकट झीज, मांडीवरचे दोरखंडाचे वळ डोळ्यांसमोर येऊन कुरोसेंच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी घाईघाईने गाठ सोडली.

"आमच्या ह्यांनी पार चिंध्या केल्या होत्या हो!" चिएको कमरेत वाकून म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू तशीच कशी परत करायची? भोकं मी रफू केली. मग तुमच्या वडिलांकडे नेली, त्यांनी पुन्हा निळीत बुडवून दिली."

कुरोसेंनी घडी उलगडली. जीन्स पुन्हा नव्यासारखी गडद निळी होती.



"तुमचे वडील म्हणाले, काळजी करू नकोस पोरी, आता माझ्या मुलालासुद्धा ओळखू यायची नाही!"