सोवळं आणि सिंक

सिंकखालच्या पाइपाचा सांधा गळत होता आणि प्लंबर फोन उचलत नव्हता. शेवटी मृण्मयीच पाना घेऊन ओट्याखाली शिरली. सोवळ्यातल्या सासूबाई टॉर्च धरून उभ्या राहिल्या. लग्नाला वर्ष होऊनही त्या सुनेला परक्यासारखं ‘तुम्ही’च म्हणायच्या.

नट सटकला, साचलेलं खरकटं पाणी थेट तोंडावर आलं आणि मृण्मयीच्या तोंडून कचकचीत शिवी निसटली. आता माहेरचा उद्धार होणार, म्हणून तिनं डोळे मिटले.

“उलटा फिरवतेयस, भवाने! आण इकडे!” म्हणत सासूबाई सोवळ्यासकट ओल्या फरशीवर बसल्या. नट बसेना, तेव्हा त्यांनी हासडलेली शिवी मृण्मयीनं हॉस्टेलवरही ऐकली नव्हती.

गळती थांबली. दोघी हसून बेजार झाल्या.

“तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस हं,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “त्यांना वाटतं, मला रामरक्षेपलीकडे काही येत नाही.”