पदवीआधी हात लावू नये

"अरे अरे, हात लावू नकोस!" मामा ओरडला. "पदवीच्या आधी तमालाच्या पानाला शिवलं की पदवी हुकते. एवढा शिकलास, नि हे ठाऊक नाही?"

दुचोने डब्यावरचा हात चटकन मागे घेतला. डबा आईच्या मांडीवर होता. गावच्या अंगणातल्या झाडाची पानं खुडून आई आणि मामा सकाळीच इटलीतल्या पादुआला आले होते. विद्यापीठाच्या चौकात नुकतीच पदवी मिळालेली पोरं याच पानांचे हिरवे मुकुट घालून नाचत होती, आणि दुचोला नुसता घाम फुटला होता. आत त्याला कोणीही बोलावणार नव्हतं. लॅटिनची तोंडी परीक्षा त्याने दिलीच नव्हती. तारीख आली की तो दारातून परत फिरायचा आणि घरी फोन करायचा, "झाली, मस्त झाली!" थापेवर थाप चढत गेली, ती पार आजपर्यंत.

मागच्या दाराने सटकायचं त्याने ठरवलं होतं. पुढे कुठे, ते ठरवलं नव्हतं.

"पदवी घेतली की आपल्याकडे सगळेच डॉक्टर! बरं, डॉक्टरसाहेब, पदवीला लाउरेआ का म्हणतात हो?" मामाने डोळा मिचकावला.

"लाउरुस म्हणजे हे झाड. लाउरेआ म्हणजे त्या झाडाची. ते नुसतं विशेषण आहे, मामा. नाम होतं कोरोना."

"नाव काढू नकोस मेल्याचं!"

"कोरोना म्हणजे मुकुट. लॅटिनमध्ये तो स्त्रीलिंगी, म्हणून 'झाडाची'. पुढे मुकुट गळून पडला, विशेषण तेवढं उरलं." बोलता बोलता तो उठला. "मी जरा आत बघून येतो."

आईने त्याचा कोट घट्ट धरला. दुसऱ्या हाताने तिने डब्याचं झाकण काढलं.

"आई! आधी उघडायचं नसतं!"

डब्यात मुकुट नव्हता. सुटी पानं होती, आणि ती गुंफायच्या दोऱ्याचं रीळ.

मामाने वाकून डब्यात मुकुट शोधला.

"तुझ्या खोलीवरच्या मित्राने परीक्षेचं सगळं सांगितलं मला," आई हळूच म्हणाली.

"मग एवढ्या लांब आलीस कशाला?"

"तू एकटा कुठे जाशील, या भीतीने. जीव थाऱ्यावर नव्हता माझा." तिने कोट सोडला नाही. "चल घरी. पानं आज मसुरात घालू. दोरा पुढच्या वेळेसाठी ठेवून देते."