रिकामा गालिचा

आई गेल्यावर तिने विणलेला नमाजाचा गालिचा माहगंजने तंबूत तसाच पसरून ठेवला होता. रोज दुपारी त्यावर गुडघ्यांचे दोन खळगे आपोआप उमटत.

आज त्याच वेळी दिलमुरादकाका गालिचा विकायला न्यायला आला.

"उचल गं, व्यापारी खोळंबलाय."

"मी नाही उचलणार. हिंमत असेल तर तुम्ही उचला."

"जीभ अगदी आईची घेतलीस!"

नमाज पढणाऱ्याच्या समोरून कुणी जात नाही. काकाही नकळत रिकाम्या गालिच्याला मागून वळसा घालून उजवीकडे आला आणि वाकून त्याने काठ धरला.

कपाळ टेकायच्या जागची लोकर दबली, मग सावकाश वर आली.

"ओढा की," माहगंज म्हणाली. "तिचा नमाज संपतच आलाय."

आता फक्त नमाजाच्या शेवटचा, मान वळवून करायचा सलाम उरला होता. त्यासाठी मान आधी उजवीकडे वळते, काका वाकला होता तिकडे.